मोबाइलमधला पुरावा कोर्टात उभा कसा राहतो?



२ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात गोळीबार झाला. वाद द्वारली गावच्या जमिनीचा, आरोप सत्ताधारी आमदारावर. ठाण्यातल्या कॅमेऱ्याचे चित्रण साऱ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. लोक म्हणाले, आता आणखी पुरावा कशाला? पण टीव्हीवर दिसले म्हणजे कोर्टात शाबीत झाले असे होत नाही. चित्रणाची नक्कल कोर्टात द्यायची तर तिच्यासोबत दाखला लागतो.

हे आपल्या कापूसपट्ट्यातल्या जालन्याने भोगले आहे. २०१४ ला अर्जुन खोतकर २९६ मतांनी आमदार झाले. कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणे एवढेच, की उमेदवारी अर्ज दुपारी तीननंतर घेतला. पुरावा म्हणून निवडणूक कचेरीतल्या कॅमेऱ्याच्या सीड्या. त्या दिल्या सरकारनेच, पण दाखला मागून मागून मिळेना! औरंगाबाद खंडपीठाने २०१७ ला निवड रद्द केली. १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला : नक्कल द्याल तर दाखला हवाच, मालकाने मूळ यंत्रच साक्षीला आणून शाबीत केले तर नको, कचेरी दाखला देत नसेल तर कोर्टामार्फत मागवा. बाकीचा पुरावा भक्कम होता म्हणून खोतकरांचे अपील फेटाळले. तोवर त्या विधानसभेची मुदतही संपली होती, हे वेगळे.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुने कलम ६५-ब आता कलम ६३ झाले. दाखल्याचा अ भाग पक्षकाराने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने. त्यात फाइलचा 'हॅश' लिहायचा. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलीत तिळभर फरक केला तरी ठसा बदलतो. कल्पना चांगली आहे. पण कोरडवाहू शेतकऱ्याने तज्ज्ञ आणायचा कुठून आणि त्याची फी द्यायची कशातून? दिल्लीत कायदा करणाऱ्यांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही.

तेव्हा आपल्या हातातले आपण सांभाळावे. जिनिंगवर काटा मारताना कोणी शूटिंग घेतो, सावकाराची धमकी फोनवर टेप होते. मग पोरगा ते ग्रुपवर टाकतो आणि मेमरी भरली म्हणून मूळ पुसतो. तिथेच केस लंगडी होते. मूळ फाइल पुसू नका, कापू नका, तो फोन विकू नका. शूटिंग कोणी, कुठे, कधी घेतले ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. घेणाऱ्यालाच पुढे साक्षीला उभे राहायचे आहे.

आणि बियाण्याच्या पिशवीचा फोटो काढला तरी पिशवी, लेबल, पक्की पावती फेकू नका. त्या मूळ वस्तूंना असला कुठलाच दाखला लागत नाही.