रक्तातली आगाऊ सूचना

पुण्यात स्वारगेटच्या एसटी स्थानकावर सातारा-सांगलीच्या गाड्यांतून दवाखान्याच्या फायली घेऊन उतरणारी माणसं नेहमी दिसतात. त्यांतल्या काहींना अन्ननलिकेचा कर्करोग असतो. तंबाखू, मग ती मिश्रीच्या रूपात का असेना, हे त्याचं एक मोठं कारण.

शस्त्रक्रियेत रोगट भाग काढतात आणि बहुधा जठराचीच नळी करून ती वर जोडतात. खरी धास्ती या जोडाची. तो गळला तर छातीत जंतुसंसर्ग पसरतो, आणि ताप चढेपर्यंत मोलाचे तास गेलेले असतात.

इथे सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन मोजणारी रक्ततपासणी, उपयोगी पडते. यकृतात तयार होणारं हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सापडलं. शस्त्रक्रियेनंतर ते वाढतंच; दोन-तीन दिवसांनी उतरू लागतं. उतरण्याऐवजी चढत राहिलं, तर जोड किंवा फुफ्फुस बिघडल्याच्या शंकेने सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीची तपासणी करतात. चढत्या आकड्यावरून निदान पक्कं होत नाही. उतरता आकडा मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तेव्हा धोका बराच कमी असतो.

नातेवाइकांनो, सीआरपी उतरतंय का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. रुग्णाला धाप लागली, छातीत दुखलं, तर रिपोर्टची वाट न पाहता लगेच सांगा.