अर्धवट भूल



संयोजकांनी मला आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर बोलायला सांगितलं होतं. मी मात्र भुलीबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. काही चुकलं तर आपल्या बॅचच्या डॉक्टरांनी जेवणाच्या आधीच कान धरावा.

माझा धाकटा भाऊ तुम्हाला आठवत असेल, आपल्या दोन वर्षं मागे होता. चार वर्षांपूर्वी रात्री त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. प्लीहा फाटली, पोटात रक्त साचलं, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तो वाचला. आठ दिवसांनी मला म्हणाला, "ताई, मी मधेच जागा होतो. भांड्यांचा आवाज येत होता. कुणीतरी 'प्रेशर साठ' म्हणालं. हात हलवायचा होता, हलेचना."

मी तडक भूलतज्ज्ञ बाईंकडे गेले, भांडायलाच. त्यांनी बसायला सांगितलं आणि मला उडवून लावलं नाही. "तो जागा असणार. असं होऊ शकतं," म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. भुलीची बहुतेक औषधं रक्तवाहिन्या सैल करतात, रक्तदाब उतरवतात. धडधाकट माणसाला ते झेपतं. ज्याचं रक्त वाहून गेलंय, तो आवळलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोरावरच तग धरून असतो. त्याला नेहमीचा डोस दिला तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून त्याला केटामाइन, तेही कमी. भुलीचा वायू बेताचा. स्नायू सैल करणारं औषध मात्र पुरेपूर, कारण त्याशिवाय श्वासनळीत नळी नीट घालता येत नाही. हात हलला नाही तो त्यामुळे.

बाकी वेळ त्या झोपेपेक्षा रक्ताच्याच मागे होत्या. शरीर थंड पडलं की रक्त गोठत नाही, गोठलं नाही की आणखी वाहतं, मग रक्तातली आम्लता वाढते आणि गोठणं आणखीच बिघडतं. (आमच्या भाषेत इनफायनाइट लूप.) म्हणून रक्त गरम करून चढवायचं. रक्तपेढीच्या पिशवीतलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून कॅल्शियमही द्यायचं. ट्रानेक्झॅमिक ॲसिड अपघातापासून 3 तासांच्या आत. 2010 साली 20 हजारांवर जखमींच्या अभ्यासात त्याने मृत्यू कमी झालेले दिसले. तेव्हा अपघाताची नेमकी वेळ डॉक्टरांना सांगा. मांडीला त्या रात्री फक्त बाहेरून सळया लावल्या. हाडाचं खरं ऑपरेशन शरीर सावरल्यावर.

आता माझी गोष्ट. सही घेताना बाईंनी विचारलं होतं, "शेवटचं कधी खाल्लं?" ऑपरेशन लांबेल या भीतीने मी म्हणाले, "दुपारी." खरं तर नऊला आमच्याकडे पावभाजी खाऊन तो निघाला होता. भांडून झाल्यावर हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अपघातात आम्ही सगळ्यांचं पोट भरलेलंच धरतो. मार लागला की अन्न पुढे सरकत नाही. उलटी फुफ्फुसात गेली तर संपलं." म्हणून झोपेचं औषध आणि स्नायूंचं औषध पाठोपाठ, सक्शन हाताशी, आणि मिनिटभरात नळी आत.

म्हणजे माझं खोटं त्यांनी आधीच हिशेबात धरलं होतं.

भावाला त्यांनी पुढे दोनदा बोलावून ती रात्र त्याच्याकडून सगळी ऐकून घेतली. तो आज मागच्या रांगेत बसलाय. पायाबद्दल खुशाल विचारा. भांड्यांच्या आवाजाबद्दल मात्र तो बोलला तरच बोला.