चिठ्ठीवरचे दोन शब्द



 मूत्रमार्गाच्या दुर्मीळ कर्करोगांवरील या परिषदेसाठी रत्नागिरीच का, असे काहींनी विचारले. याच जिल्ह्यातल्या गिमवी गावात शिस्टोसोमा कृमींमुळे होणारा मूत्रमार्गाचा आजार गाडगीळ आणि शहा यांनी 1952 साली नोंदवला. अशाच कृमींमुळे इजिप्तमध्ये मूत्राशयाच्या स्क्वॅमस कर्करोगाने असंख्य माणसे गेली. आडगावातल्या माणसांच्या लघवीकडे कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून नीट पाहिले, याचा मला या जिल्ह्याचा म्हणून अभिमान आहे.

मूत्राशयाच्या दहांपैकी नऊ कर्करोग युरोथेलियल असतात, आणि त्याच सवयीने आपण डॉक्टर उरलेल्या एकाकडेही पाहतो. युरेकसचेच घ्या. गर्भात बेंबीपासून मूत्राशयाच्या माथ्यापर्यंत जाणारी ही नळी पुढे बुजते. क्वचित तिच्या अवशेषात कर्करोग होतो. त्याच्या ग्रंथी स्लाइडवर हुबेहूब आतड्याच्या कर्करोगासारख्या दिसतात. गाठ माथ्यावर होती की तळाशी, लघवीतून चिकट स्राव जात होता का, कोलोनोस्कोपी झाली का, हे कळल्याशिवाय निष्णात पॅथॉलॉजिस्टही ठामपणे काही सांगू शकत नाही. आणि तपासणीसाठी पाठवलेल्या तुकड्यासोबत येणाऱ्या चिठ्ठीवर असते काय? ‘मूत्राशयाचा तुकडा’. बस्स, दोन शब्द! निदान वेळेत झाले, तर बऱ्याचदा माथ्याचा भाग, ती नळी आणि बेंबी काढून बाकीचे मूत्राशय वाचवता येते. म्हणजे त्या चिठ्ठीवर रुग्णाचे पुढचे सारे आयुष्य अवलंबून असते. दुर्मीळ आजार ओळखायला महागडे यंत्र नसल्याची तक्रार आपण नेहमी करतो. मला वाटते, आधी शल्यचिकित्सकाने पॅथॉलॉजिस्टला एक फोन करावा.

त्याच्याही आधी रुग्ण आपल्यापर्यंत पोचायला हवा. न दुखता लघवीतून रक्त जाते, आपोआप थांबते, आणि घरचे निर्धास्त होतात. बायकांच्या बाबतीत तर ‘जंतुसंसर्ग असेल’ म्हणून गोळ्यांचे कोर्सवर कोर्स होतात, आणि दुर्बिणीची तपासणी राहून जाते. हे मला फार अस्वस्थ करते.

दुपारच्या सत्रात स्लाइड आणि मूळ चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवून चर्चा होईल. तालुक्यातल्या डॉक्टरांना आम्ही मुद्दाम बोलावले आहे. त्यांनी पुढच्या रांगेत बसावे आणि मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. आता अध्यक्ष महोदयांनी परिषदेचे उद्घाटन करावे, अशी मी त्यांना विनंती करतो.