लोणारचा गाळ आणि पावसाची बखर

श्रोतेहो, बुलढाणा जिल्ह्यात पीएच.डी. म्हटले की लोकांना वाटते, हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांतले काम. खेड्यातल्या पोराला ते कुठून जमायचे? पण ज्या विषयावर परदेशातले विद्वान प्रबंध लिहितात, तो विषय आपल्या लोणारच्या सरोवरात चिखलाच्या रूपाने पडून आहे.

लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. ते ज्वालामुखीचे की आकाशातून पडलेल्या अशनीचे, हा वाद पुष्कळ वर्षे चालला. अखेर अतिप्रचंड दाबाखालीच बनणारी काच तिथल्या खडकात सापडली आणि १९७३ मध्ये अशनीचा पक्ष सिद्ध झाला. विवराचे वय मात्र अजून वादातच आहे. एका मोजणीने ते सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर दुसऱ्या एका मोजणीने पावणेसहा लाखांच्या घरात जाते. म्हणजे नव्या संशोधकाला काम उरले आहे.

आता चिखलाकडे वळू. चहूबाजूंच्या उतारावरून दर पावसाळ्यात माती वाहून येते आणि तळाशी थर बसतो. पाणी बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे थरावर थर साचत राहतो. शास्त्रज्ञांनी तळात नळी उतरवून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळ अखंड वर काढला. त्यात गेल्या ११ हजार वर्षांची बखर होती. पाऊस हटला की पाणी आटते, खार वाढतो आणि गेलुसाइट नावाचे स्फटिक गाळात तयार होतात. कोणत्या थरात स्फटिक आहेत, कोणत्या झाडांचे परागकण आहेत, हे पाहून त्या वेळचे पाऊसमान ताडता येते.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दीर्घ अवर्षणाचे दोन काळ दिसले: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. आपले दैत्यसुदन मंदिर ज्या शतकांत उभे राहिले, ती शतके या दुसऱ्या काळातच येतात. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसला. पण पाऊस शतकानुशतके उणा राहू शकतो, हे ठाऊक असलेला शेतकरी विहीर, पीक आणि बांध यांचा विचार निराळ्या रीतीने करील.

२०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झाले तेव्हा किती तर्क निघाले, आठवते ना? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाणी उतरून खार वाढला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला.

मग गुरुजी, अशा कामाला विद्यार्थी कसा तयार करायचा? पदव्युत्तर शिक्षण, नेट परीक्षा, मार्गदर्शक, मग प्रबंध, हा रस्ता आहेच. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर दरमहा विद्यावेतन मिळते, घरावर भार पडत नाही. पण खरी तयारी शाळेतच होते. पर्जन्यमापकातला पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजा. गावच्या एकाच विहिरीची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपल्यावर दोरीने मोजा. तारीख घाला आणि वही जपा. चुकलेला दिवस अंदाजाने भरू नका, कोरा ठेवा.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. गाळ शतकांचे सांगतो, पण त्याची भाषा कळायला आजच्या पावसाचे खरे आकडे शेजारी लागतात. ते आकडे गावोगावचे असले तर किती बरे! मेहकर-सिंदखेडराजाकडे पडलेला पाऊस आणि जळगाव जामोदला पडलेला पाऊस एक नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू?

तेव्हा या मृगाला वही उघडा. वीस वर्षांनी तुमचाच एखादा विद्यार्थी ती मागायला येईल.