आतड्याचे व्रण आणि वृद्धिघटक

बंगळूरच्या जुन्या किल्ल्याजवळ चामराजपेट वसविण्यात आले ते १८९२ साली. त्याच्या शेजारीच १९०० सालापासून व्हिक्टोरिया रुग्णालय उभे आहे. रक्त आणि शेम यांसह जुलाब होणारा मनुष्य अशा रुग्णालयाच्या दारी आला, की त्याला आव झाली असावी, असे पूर्वी सहज धरले जाई. तो वाळत चालला असेल, तर आतड्याच्या क्षयाचा संशय येई. आपल्या देशात हे दोन्ही तर्क मुळीच वावगे नव्हते. किंबहुना क्षय की क्रोन्स डिसीज, हे ठरविताना आजही तज्ज्ञांची कसोटी लागते. पण काही रोग्यांच्या बाबतीत जंतू सापडत नाहीत, औषधाने तात्पुरता उतार पडतो आणि काही महिन्यांनी दुखणे पुन्हा डोके वर काढते. हा आतड्याचा दीर्घकालीन दाह होय. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स डिसीज ही त्याची दोन मुख्य रूपे. पाश्चात्त्यांचा म्हणून समजला गेलेला हा विकार आपल्याकडेही आहे. पंजाबातील एका पाहणीचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत लाख लोकांमागे कोलायटिसचे सुमारे ४४ रोगी आढळले. रोग बहुधा तरुणपणीच गाठतो आणि जन्माची सोबत करतो; काहींचे मोठे आतडे अखेर काढून टाकावे लागते.

या रोगात शरीराची संरक्षक व्यवस्थाच आतड्यावर उलटते. म्हणून बहुतेक औषधे त्या व्यवस्थेला आवर घालतात. ती आवश्यकच आहेत. पण भांडण मिटवले म्हणजे पडलेला गिलावा आपोआप भरून निघतो असे नाही. निरोगी आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत नवे होत असते. व्रण पडलेल्या ठिकाणी हे काम मागे पडते. ते पुढे नेता येईल काय, हा वृद्धिघटक प्रथिनांमागचा प्रश्न आहे.

ही प्रथिने हाती लागली ती भलत्याच वाटेने. स्टॅन्ली कोहेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडणारे त्यांचे डोळे सातव्याच दिवशी उघडले! त्या अर्कातील प्रथिनाचे वर्णन कोहेनने १९६२ साली प्रसिद्ध केले. एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर ते हेच. या संशोधनासाठी १९८६ साली रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या लाळेतही हे प्रथिन असते. जखम चाटणाऱ्या जनावराला त्याचा उपयोग कोहेनच्या कितीतरी आधी ठाऊक असावा.

इंग्लंडातील लेस्टर येथे २००३ साली कोलायटिसच्या २४ रोग्यांवर त्याचा प्रयोग झाला. सर्वांना नेहमीचे मेसालामाइन दिले होते. त्यांपैकी बारा जणांना रोज बस्तीवाटे हे प्रथिन दिले, बारांना नुसता द्राव. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातील १० जणांचा रोग शमला होता, दुसऱ्यात एकाचाच. त्याआधीच्या वर्षी गाईच्या चिकाची बस्ती देऊन १४ जणांवर असाच एक प्रयोग झाला होता, कारण चिकात वृद्धिघटक विपुल असतात. अर्थात तो चीक वाफवलेला, वेलदोडे घातलेला नव्हता. खरवस खाऊन कोलायटिस बरा होतो, असे त्यावरून कुणी समजू नये.

एवढा उजळ निकाल येऊनही हे औषध कोलायटिससाठी दवाखान्यात पोचले नाही. चोवीस ही संख्या लहान. त्याच सुमारास दुसऱ्या एका वृद्धिघटकाची ८८ रोग्यांवर चाचणी झाली, ती निष्फळ ठरली. आणि सर्वांत मोठी अडचण निराळीच आहे. तिचे उत्तम उदाहरण पुन्हा बंगळुरातच सापडते.

चामराजपेटच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर बायोकॉन या संस्थेचे कारखाने आहेत. या संस्थेने २००६ साली डोके व मान यांच्या कर्करोगावर निमोटुझुमॅब हे औषध भारतात आणले. पेशीच्या ज्या कुलपात कोहेनचे प्रथिन किल्लीसारखे बसते, तेच कुलूप हे औषध बंद करून ठेवते. कारण कर्करोगाच्या पेशी त्याच कुलपातून वाढीचा हुकूम घेतात. औषध मूळ हवानाचे. आणि त्याच वर्षी हवानातूनच मधुमेह्यांच्या पायाच्या व्रणासाठी वृद्धिघटकाचे इंजेक्शन निघाले! एकाच शहराने एक किल्ली करावी आणि एक अडसरही करावा.

कोलायटिसच्या रोग्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका आधीच अधिक असतो. आठ वर्षे उलटली की त्याची दुर्बिणीने वेळोवेळी तपासणी करावी लागते. अशा आतड्यात वाढीचा हुकूम सोडणे धाडसाचे नव्हे काय? भय रास्त वाटते. पण २०१२ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगात उलटेच दिसले. दाह असलेल्या आतड्यात हे कुलूप निकामी केलेल्या उंदरांना अर्बुदे अधिक झाली. न भरणारी जखमच कर्करोगाला अधिक पोसत असावी, असा त्याचा अर्थ लावता येतो. मात्र उंदरावरून माणसाविषयी निर्णय देता येत नाही.

आतड्याची वाढ साधणारे टेडुग्लुटाइड हे औषध अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले, पण ते आतड्याचा मोठा भाग गमावलेल्यांसाठी. आणि ते सुरू करण्यापूर्वी मोठ्या आतड्यात कोंब नाहीत ना, हे दुर्बिणीने पाहून घ्यावे लागते. कोलायटिसच्या रोग्यावर वृद्धिघटकांची मोठी चाचणी व्हायची, तर तिलाही अशीच दुर्बीण जोडावी लागेल, आणि तीही दोन आठवडे नव्हे, अनेक वर्षे.