पूर्वानुमान आणि अनुवादकाची लेखणी

(नवी दिल्लीतील आर. के. पुरम येथे अनुवादकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आर. के. पुरम म्हटले की कोणाला सरकारी वसाहती आठवतात. माझ्यासारख्याला १९६१ साली स्थापन झालेला वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग आठवतो. या आयोगाच्या परिसरात शब्दांविषयी बोलणे अप्रस्तुत ठरू नये.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाविषयीचे लेखन मराठीत आणताना 'प्रोग्नॉसिस' या शब्दापाशी लेखणी अडते. 'भाकीत' हा शब्द सोपा खरा, पण त्याला जन्मपत्रिकेचा वास येतो. मी 'पूर्वानुमान' पत्करला. शंभरांपैकी किती रुग्ण पाच वर्षांनी हयात असतील, एवढेच शास्त्र सांगते. समोरचा रुग्ण त्यांत असेल की नाही, हे सांगत नाही. वाक्य जरा घसरले की समूहाविषयीचे विधान एका माणसाचा निकाल होऊन बसते.

लंडनच्या कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगाचे, तो किती पसरला आहे यावरून, तीन वर्ग पाडले. आजचे अनुमानही मुख्यतः प्रसारावरच उभे आहे. परंतु एकाच टप्प्यावरील दोघांपैकी एक बरा होतो, दुसऱ्याचा रोग उलटतो. हा भेद कळावा म्हणून जनुके व प्रथिने यांतील खुणांचा शोध सुरू झाला. गोल्ड व फ्रीडमन यांना १९६५ मध्ये माँट्रिअल येथे सापडलेले सीईए हे प्रथिन शस्त्रक्रियेपूर्वी रक्तात फार वाढलेले असल्यास धोका अधिक. मात्र धूम्रपान करणाऱ्यांतही ते वाढते.

याहून उद्बोधक कथा चार प्रथिनांची. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका ती दुरुस्त करतात. आम्हा मंडळींच्या भाषेत, मुद्रितशोधकच! त्यांतील एखादे नाहीसे झाले की चुका साचत जातात. आश्चर्य असे की, दुसऱ्या टप्प्यातील अशा रुग्णांचे पूर्वानुमान इतरांपेक्षा चांगले असते, आणि केवळ फ्लुओरोयुरॅसिल देऊन त्यांना फारसा लाभ होत नाही. रोग दूरवर पसरल्यावर हीच खूण प्रतिकूल ठरते. तथापि त्यांतील अनेकांना प्रतिकारशक्तीवरील बंधने सैल करणारी नवी औषधे लागू पडतात, हे २०१५ मध्ये दिसून आले. म्हणून रोगाची वाटचाल दर्शविणारी खूण आणि औषधाचा उपयोग दर्शविणारी खूण, यांना मराठीत वेगळी नावे हवीत. दोन्हींना 'सूचक' म्हणून भागणार नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ पासून गावोगावचे रुग्ण येत आहेत. अशा रुग्णाच्या मुलाने अहवालाचा अर्थ विचारला, तर 'प्रथिन नष्ट झाले आहे' हे शब्दशः भाषांतर त्याच्या काळजाचे पाणी करील. मी लिहितो, 'प्रथिन आढळले नाही', आणि त्यापुढे रोगाचा टप्पा.