बाईची न्याहरी

(संघटनेच्या कार्यकर्ता शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर. शिबिराला अंगणवाडी सेविका, बचतगटाच्या प्रतिनिधी आणि घरकामगार बहिणी उपस्थित होत्या.)



आजच्या पहिल्या सत्राचा विषय फळ्यावर वाचून मघाशी काहीजणी हसल्या. काल दिवसभर आपण पोटगी, सातबाऱ्यावर नाव, २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा यांवर बोललो. आणि आज न्याहरी! पोहे-उपम्यावर बोलायला शिबिर कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण वस्तीत काम करताना मला सारखं जाणवत आलं आहे की बाईचं घरातलं स्थान काय, हे पाहायचं असेल तर सकाळी सहा ते दहा या वेळात तिच्या घरी जाऊन बसावं. तिथे सगळं दिसतं. कोण बसून खातं, कोण वाढतं, कुणाला गरम मिळतं, कुणाला शिळं, आणि कुणाला काहीच नाही.

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात आम्हाला आहाराचे तक्ते होते. किती उष्मांक, किती प्रथिनं, गरोदर बाईला किती. तक्ते बरोबरच होते. फक्त ताट वाढणारी स्वतः किती वाजता जेवते, याचा रकाना त्यात नव्हता. तो रकाना आम्ही वस्तीच्या बैठकीत भरायला घेतला. कागदावर मोठं घड्याळ काढायचं आणि उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलं ते ज्या त्या तासावर लिहायचं, किंवा लिहिता येत नसेल तर चित्र काढायचं. साडेचारला पाण्याची रांग, पाचला चहा, भाकऱ्या, नवऱ्याचा डबा, मुलांचा डबा, सासूचं गरम पाणी, भांडी, केर, आठला पहिलं काम, साडेनऊला दुसरं. घड्याळ गच्च भरलं. खाण्याची खूण मात्र बहुतेकींनी अकराच्या पुढे केली. त्याच्या आधी सगळीकडे कपाचं चित्र होतं. चहा, आणखी चहा. एकीने विचारलं, "ताई, उभ्याने खाल्लेलं लिहायचं का?" मुलाच्या ताटलीतला उरलेला अर्धा पोळीचा तुकडा ती ओट्याशी उभी राहून तोंडात टाकते. ते खाणं तिला स्वतःलाच खाण्यात मोजावंसं वाटत नव्हतं.

आता शरीराकडे वळू. रात्री नऊला जेवलेली बाई सकाळी अकराला पहिला घास घेते, म्हणजे चौदा तास झाले. झोपेत शरीर यकृतात साठवलेल्या साखरेवर चालतं. सकाळी तो साठा बराच उतरलेला असतो. धडधाकट माणूस काही तास उपाशी राहिलं तर मोठं काही बिघडत नाही, हेही मी स्पष्ट सांगते. 'सकाळचा नाश्ता हेच दिवसातलं सर्वांत महत्त्वाचं खाणं' हे वाक्य आपल्यापर्यंत आलं त्यात डबाबंद नाश्ता विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिरातींचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे शेतावरची बाई दहा वाजता बांधावर बसून भाकरी-भाजी खायची, कोकणात सकाळी पेज असायची. घड्याळातला अमुकच एक तास पवित्र आहे असं नाही. प्रश्न असा आहे की ती उपाशी असते त्या तासांत घरातलं सर्वांत जड काम उरकलेलं असतं. पाण्याचे हंडे, धुणं, चूल, दोन घरची भांडी. आणि हे रोज, वर्षानुवर्षं.

शिवाय ती बाई मुळात कशी आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तपांढरी आहे. याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के आहे. आपल्या महाराष्ट्रात स्त्रियांचं प्रमाण ५४ टक्के. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत ते ४८ टक्के होतं, म्हणजे कमी व्हायचं ते वाढलं. पाळी आणि बाळंतपणं यांमुळे बाईचं रक्त जास्त जातं हे खरं. पण जास्त जातं म्हणून जास्त भरून काढायला हवं, आणि आपल्या घरात नेमकं उलटं होतं. धाप लागते, पिंढऱ्या दुखतात, चक्कर येते, चिडचिड होते. घरचे म्हणतात, 'हिला सारखंच काहीतरी होतं.' बाईही तेच म्हणायला लागते.

यात चहाचं काम समजून घ्या. चहा भूक मारतो, साखरेने थोडा वेळ तरतरी येते, म्हणून तो गरिबाची न्याहरी होऊन बसला. पण चहातले तुरट घटक अन्नातल्या लोहाला बांधून ठेवतात आणि ते लोह अंगी लागत नाही. बाजरीच्या भाकरीबरोबर चहा प्यायलात तर भाकरीतलं बरंचसं लोह फुकट गेलं. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, मलाही सकाळी तो लागतो. खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. खाण्यावर लिंबू पिळा, आवळा, पेरू, टोमॅटो जे असेल ते घ्या, त्याने लोह शोषायला मदत होते.

अंगणवाडीच्या बहिणींना आणखी एक गोष्ट रोज दिसत असेल. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घरी डब्यात पडून राहतात. आपण विचारतो, 'गोळ्या का घेत नाहीस?' ती म्हणते, 'मळमळतं.' ती गोळी उपाशीपोटी घेते, किंवा चहाच्या घोटाबरोबर घेते. पहिल्याने मळमळ होते, दुसऱ्याने गोळीचा उपयोग कमी होतो. मग नोंदवहीत तिच्या नावापुढे 'अज्ञान' असा शेरा पडतो. तिच्या पोटात गोळीआधी चार घास नव्हते, हा शेरा कुणी लिहीत नाही. मधुमेहाच्या बायकांचंही तेच. साखर कमी करणारी गोळी घेतली, खायला मात्र जमलं नाही, आणि दुसऱ्याच्या घरी फरशी पुसताना घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी आली. अशी बाई आमच्या वस्तीत आहे. मालकिणीला वाटलं, हिला फिट आली. दुसऱ्या दिवशी तिचं काम गेलं.

'खाऊन निघत जा' असा उपदेश करून हा प्रश्न सुटत नाही. बायका न खाण्याची कारणं आम्ही विचारली तेव्हा वेळ नाही हे पहिलं आलं. वेळेचा हिशेब सरकारनेच मांडला आहे. २०२४ च्या देशव्यापी वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. या दोनशे मिनिटांच्या फरकात आपली न्याहरी हरवली आहे.

दुसरं कारण दबक्या आवाजात आलं. "खाल्लं की जावं लागतं." वस्तीतल्या संडासाला सकाळी रांग, आतून कडी नाही, आणि कामाच्या घरी संडास वापरू देत नाहीत. भाजी विकणाऱ्या बाईला बाजारात जागाच नाही. म्हणून त्या सकाळी खात नाहीत आणि पाणीही पीत नाहीत. मुंबईत २०११ पासून बायकांनी सार्वजनिक मुताऱ्यांच्या हक्काची मोहीम चालवली, तेव्हा काहींनी तिची थट्टा केली होती. पण बाईच्या न्याहरीची वाट त्या मुतारीवरून जाते.

तिसरं कारण म्हणजे रीत. आधी पुरुष, मग मुलं, मग म्हातारी माणसं, मग सून. त्यात उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, नवरात्र. उपास करू नका असं सांगण्याचा हा मंच नाही, ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी करावेत. पण आठवड्यातले दोन दिवस उपासाचे आणि उरलेले पाच आबाळीचे असतील तर शरीराने कशावर चालावं? आणि साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसं काही नसतं. उपासालाही राजगिरा, दाणे, दूध-ताक यांना कोणी मनाई केलेली नाही.

या रितीला धार असते हेही विसरू नका. याच कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना विचारतात की कोणत्या कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य आहे. त्या यादीत 'स्वयंपाक नीट केला नाही' हे एक कारण असतं. २०१९-२१ मध्ये देशातल्या ४५ टक्के बायकांनी यादीतलं किमान एक कारण योग्य मानलं. २०१३ साली पंढरपुरात एका बाईने सकाळी चहा करून द्यायला नकार दिला म्हणून नवऱ्याने तिच्या डोक्यात हातोडा घातला आणि ती गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. रेवती मोहिते डेरे यांनी त्याची दहा वर्षांची शिक्षा कायम केली. चहाला नकार देणं ही चिथावणी ठरत नाही आणि बायको ही मालकीची वस्तू नाही, असं त्यांनी निकालात बजावलं. एका कपाची किंमत काही घरांत एवढी असते. म्हणून 'आधी मी खाते, मग तुम्हाला देते' हे वाक्य आपल्याला वाटतं तितकं सोपं नाही. ते एकटीने म्हणायला सांगण्याआधी तिच्या पाठीशी गट उभा असला पाहिजे.

सरकारकडे पाहिलं तर अन्नाच्या बहुतेक योजना दुपारच्या आहेत. शाळेतला पोषण आहार १९९५ साली सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने तो शिजवून देणं बंधनकारक झालं. तो मिळतो मधल्या सुट्टीत. शिवभोजन थाळी २०२० साली आली, तीही दुपारच्या जेवणाची. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ साली अमृत आहार योजना आली, ती एका वेळच्या जेवणाची. या योजना हव्यातच. पण सकाळ सगळी घरावर सोडलेली, आणि घर म्हणजे बाई. अंगणवाडीत मात्र तीन ते सहा वर्षांच्या मुलांना जेवणाखेरीज सकाळचा नाश्ता द्यायचा असतो. म्हणजे मोठ्या प्रमाणावर हे अशक्य नाही. तामिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ ला मदुराईत सरकारी शाळांतल्या पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी सकाळच्या नाश्त्याची योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये ती राज्यभर नेली. उपमा, खिचडी, पोंगल असं गरम खाणं शाळा भरण्यापूर्वी मिळतं. मूल शाळेत खातं तेव्हा सकाळच्या चुलीवरचं एक ओझं उतरतं. अशी मागणी आपणही करू शकतो. फक्त तो नाश्ता रांधणाऱ्या बायकांना कामगाराचं वेतन मिळालं पाहिजे आणि त्यांचं स्वतःचं खाणं त्या कामाच्या वेळेत धरलं पाहिजे, ही अट आपण आताच घालून ठेवू.

घरकामगार बहिणींसाठी एक वेगळा मुद्दा. १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराकडून सलग पाच तासांहून जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती द्यायची, असं घालून दिलं. दुसऱ्याच्या घराला कारखाना म्हणत नाहीत. महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण कामाच्या मध्ये बसून खाण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला नाही. काही घरी खायला देतात, ते कालचं, वेगळ्या कपबशीत. तो उपकार झाला. पगार ठरवताना 'मध्ये पंधरा मिनिटं बसून माझा डबा खाईन' हे पगाराच्या आकड्याइतकंच ठामपणे बोलायला हवं, आणि इमारतीतल्या सगळ्याजणींनी एकदम बोलायला हवं. एकटी बोलली तर दुसरी मिळते. सगळ्या बोलल्या तर पंधरा मिनिटं मिळतात.

काय खायचं, यावर मी फार वेळ घेत नाही, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. शिळी भाकरी कुस्करून ताकात घातली, वर दाण्याची चटणी घेतली, तरी ती उत्तम न्याहरी आहे. नाचणीची आंबील, मिश्र पिठाचं थालीपीठ, मोड आलेली मटकी, मूठभर फुटाणे-शेंगदाणे आणि गूळ. नाचणीत चुना भरपूर असतो, दाण्यात प्रथिनं. डब्यातली महाग पावडर लागत नाही. खारी-बटर आणि चहा यांनी पोट भरल्यासारखं वाटतं एवढंच. ज्या बाईच्या घरात सकाळी पीठच नसतं, तिला मात्र कृती सांगू नका. तिच्या शिधापत्रिकेचं काय झालं ते आधी विचारा.

आता कामाचं बोलू. परत गेल्यावर पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने ते घड्याळ काढावं. ज्यांच्या घड्याळात अकराच्या आत खाण्याची खूण नाही त्यांची कारणं लिहावीत. वेळ, संडास, रीत, मार, की धान्य. कारणाप्रमाणे उपाय वेगळा आहे. संडासाचं कारण असेल तर अर्ज पालिकेकडे जाईल, धान्याचं असेल तर पुरवठा अधिकाऱ्याकडे, माराचं असेल तर संरक्षण अधिकाऱ्याकडे. वेळेचं असेल तर नवऱ्याला आणि मोठ्या मुलाला बैठकीला बोलवा आणि घड्याळ त्यांच्या हातात द्या. मुलीला कामाला लावून आईची सुटका करायची नाही, हे आधीच ठरवून घ्या. ही घड्याळं तीन महिन्यांनी पुढच्या बैठकीत घेऊन या, आपण ती भिंतीवर लावू आणि कुठे काय हललं ते पाहू.

बाहेर पोहे तयार आहेत. आज वाढायचं काम आपल्याबरोबर आलेल्या पुरुष कार्यकर्त्यांकडे दिलं आहे. सगळ्याजणी बसून घ्या, मग प्रश्नोत्तरं करू.